समोर विकणारा कोण होता?

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या एका खासगी कंपनीत हिशेब बघतात आणि तीन वर्षांपासून पगारातून वाचवून थोडे थोडे शेअर घेतात. एका संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर बातमी वाचली की एका नावाजलेल्या परदेशी फंडाने एका मध्यम कंपनीचे शेअर बल्क डीलमध्ये (मोठ्या संख्येच्या, जाहीर होणाऱ्या सौद्यात) 409.50 रुपयांना उचलले. दुसऱ्या दिवशी सव्वानऊच्या ठोक्याला ताईंनी 800 शेअरची मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला घ्या अशी ऑर्डर, टाकली. स्क्रीनवर भाव 431 दिसत होता, खरेदी पडली सरासरी 435.32 ला. दहा दिवसांनी भाव 398. त्या विचारतात, "मला दिसलेला भाव मिळाला का नाही? आणि एवढा मोठा फंड घेतोय म्हटल्यावर शेअर खाली का आला? मोठ्यांच्या मागे जाणं चुकीचं आहे का?"

ताई, तुमचे पैसे कष्टाचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी 1993 साली दलाल स्ट्रीटवर एका जॉबरच्या, म्हणजे दिवसभर भाव देऊन घेणाऱ्या-विकणाऱ्या दलालाच्या, हाताखाली लागलो. तेव्हा रिंगमध्ये, म्हणजे बाजाराच्या सभागृहात, सौदे तोंडी व्हायचे. घसा फुटेस्तोवर ओरडायचं, बोटांनी भाव दाखवायचा, सौदा झाला की हातातल्या छोट्या वहीत पेन्सिलीने टिपायचा. संध्याकाळी दोघांच्या वह्या जुळल्या नाहीत की झाला 'वांधा', मग तो दुसऱ्या दिवशी सकाळी बसून निस्तरायचा. त्या गोंगाटात एक गोष्ट मात्र लख्ख असायची, ती म्हणजे समोर कोण उभं आहे हे दिसायचं. अमुक पेढीचा माणूस सकाळपासून विकतोय, त्याचा घाम बघून कळायचं की माल अजून बराच शिल्लक आहे. 1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचा स्क्रीन आला, 1995 मध्ये मुंबई शेअर बाजाराने बोल्ट ही संगणकावरच्या सौद्यांची यंत्रणा आणली आणि रिंग शांत झाली. सामान्य माणसाला त्याचा मोठाच फायदा झाला. भाव सगळ्यांना सारखा दिसू लागला, मधल्या माणसाची हातचलाखी थांबली. पण समोरचा चेहरा गेला. तुमच्या प्रश्नांचं मूळ तिथे आहे.

आधी भावाचं बघू. तुम्ही बटण दाबलंत की ब्रोकरची यंत्रणा आधी खात्यात पैसे आहेत का ते तपासते आणि ऑर्डर बाजाराच्या संगणकाकडे जाते. तिथे प्रत्येक शेअरची एक वही उघडी असते. एका बाजूला घेणारे, दुसऱ्या बाजूला विकणारे. जो विकणारा सगळ्यात कमी भाव मागतो तो रांगेत पहिला, आणि दोघांचा भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली तो पुढे. तुम्हाला मोठ्या आकड्यात जो 431 दिसत होता तो शेवटच्या झालेल्या सौद्याचा भाव. 800 शेअर त्या भावाला मिळतील असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

तुम्ही कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेली सौद्यांची पावती, पाठवलीत हे फार बरं केलंत. ती बहुतेक जण उघडतच नाहीत. तुमच्या एका ऑर्डरचे पाच तुकडे त्यात स्वच्छ दिसतात. 431 ला 120 शेअर, 431.50 ला 85, 433 ला 200, 436.40 ला 150 आणि उरलेले 245 थेट 440 ला. म्हणजे 431 ला विकायला फक्त 120 शेअर होते. ते संपले, ऑर्डर वरच्या पायरीवर गेली, ती पायरी संपली, आणखी वर. दसऱ्याच्या आदल्या पहाटे दादरच्या फूल बाजारात जाऊन "भाव काहीही असो, मला चाळीस किलो झेंडू हवाच" असं म्हटलं तर हेच होईल. पहिल्याकडे पाच किलो, पुढच्याकडे दहा, आणि शेवटचा गरज ओळखून भाव लावणार. 431 आणि 435.32 यांतला फरक 800 शेअरवर 3,457 रुपये 50 पैसे होतो. दलाली, एसटीटी (सौद्यावरचा कर), स्टॅम्प ड्यूटी वेगळीच.

तेच तुम्ही 433 ची लिमिट ऑर्डर, म्हणजे त्याहून जास्त भाव देणार नाही अशी ऑर्डर, टाकली असती तर 405 शेअर मिळाले असते आणि उरलेले 395 रांगेत थांबले असते. मिळाले असते किंवा नसते. पण मला काय भाव परवडतो हे तुम्ही ठरवलं असतं. ऑर्डर टाकण्याआधी 'मार्केट डेप्थ' उघडायची. त्यात दोन्ही बाजूंचे वरचे पाच भाव आणि त्या भावांना किती शेअर आहेत ते दिसतं. दहा सेकंदांचं काम आहे.

मुळात 431 हा भाव आला कुठून? आदल्या दिवशी शेअर 412 ला बंद झाला होता. सकाळी 9 ते 9:08 पर्यंत प्री-ओपनमध्ये ऑर्डरी गोळा होतात आणि ज्या भावाला सगळ्यात जास्त शेअरची अदलाबदल होऊ शकते तो भाव निघतो. रात्रीत तीच बातमी हजारोंनी वाचलेली, सगळ्यांनी ऑर्डरी लावून ठेवलेल्या. म्हणजे तुम्ही सव्वानऊला पोहोचलात तेव्हा बातमीची किंमत भावात आधीच चढलेली होती.

मार्केट ऑर्डरबद्दल मी इतका का आग्रह धरतो, तेही सांगतो. 5 ऑक्टोबर 2012, शुक्रवार होता. मी तेव्हा फोर्टमधल्या एका पेढीच्या डीलिंग रूममध्ये होतो. सकाळी दहाच्या आत निफ्टी निर्देशांक डोळ्यांदेखत सुमारे 900 अंकांनी कोसळला आणि सौदे थांबले. युद्ध झालं की काय असं वाटलं. नंतर कळलं की दुसऱ्या एका पेढीत चुकीच्या आकड्याने 59 ऑर्डरी गेल्या होत्या, साडेसहाशे कोटींहून जास्त रकमेच्या. त्या विक्रीने घेणाऱ्यांची सगळी रांग खाऊन टाकली. पंधराएक मिनिटांनी बाजार सुरू झाला, भाव परत आले. पण माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी एका शेअरवर 285 चा स्टॉप लॉस (भाव इथवर पडला तर विका, अशी आगाऊ ऑर्डर) लावला होता, तोही मार्केट ऑर्डरचा. 285 लागताच त्यांची ऑर्डर "मिळेल त्या भावाला विका" म्हणून गेली आणि सौदा 262 ला बसला. अर्ध्या तासात तोच शेअर 298. सौदे रद्द झाले नाहीत. दुपारी ते ऑफिसात आले, खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "मी तर सुरक्षिततेसाठी लावला होता ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी स्टॉप लॉससुद्धा भावाची मर्यादा घालूनच लावायला सांगतो. त्यातही धोका आहे. शेअर एकदम तुमच्या मर्यादेच्या खाली उघडला तर विक्री होणारच नाही. तरी दोन धोक्यांपैकी मी हा पत्करतो.

सौदा झाल्यावरचं लवकर उरकतो. तुमच्या सौद्यात मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी राहते. विकणाऱ्यासाठी ती घेणारी, तुमच्यासाठी ती विकणारी. त्यामुळे समोरच्याने हात वर केले तरी तुमचे पैसे बुडत नाहीत. 2003 पासून दोन दिवसांनी आणि जानेवारी 2023 पासून सगळ्या शेअरांत एका दिवसात माल डीमॅट खात्यात येतो. ज्यांनी सही जुळली नाही म्हणून परत आलेले कागदी शेअर पाहिलेत त्यांना ही केवढी सोय आहे ते कळेल.

आता मोठ्यांची खरेदी.

मी बरीच वर्षं फंडांच्या ऑर्डरी राबवण्याचं काम केलं. समजा एका फंडाला 4 लाख शेअर हवेत आणि त्या कंपनीच्या रोज साधारण दीड लाख शेअरांचे सौदे होतात. एका झटक्यात घ्यायला गेलो तर तुमच्यासारखंच होईल, फक्त शंभर पायऱ्या वर. म्हणून आम्ही दिवसाच्या उलाढालीच्या पाव हिश्शापेक्षा जास्त घ्यायचो नाही. म्हणजे रोज साडेसदतीस हजार आणि पूर्ण ऑर्डरीला अकरा दिवस. ऑर्डरीचा थोडाच भाग स्क्रीनवर दाखवायचा, बाकी लपवून ठेवायचा. बाजार त्याची परवानगी देतो. भाव वर पळायला लागला की हात आखडता घ्यायचा, कुणी विकायला आलं की शांतपणे घ्यायचं. संध्याकाळी फंडाकडून एकच विचारणा असायची, दिवसभराच्या भारित सरासरीच्या, म्हणजे व्हीवॅपच्या, तुलनेत तुमचा भाव कसा पडला? काही पैशांनी खाली असेल तर ते चांगलं काम. या धंद्यातलं सगळं कसब कुणाला पत्ता न लागू देण्यात आहे. डीलिंग रूमचे फोन रेकॉर्ड होतात ते याचसाठी. त्यामुळे "फंड घेतोय, आतली खबर आहे" असं कुणी तुम्हाला सांगितलं तर तो खोटं बोलतोय किंवा गुन्हा करतोय, तिसरी शक्यता नाही. त्या माणसापासून लांब राहा.

मग मोठ्यांची खरेदी आपल्याला दिसते कधी? वेगवेगळ्या खिडक्यांतून, आणि प्रत्येक खिडकीच्या काचेचा रंग वेगळा.

बल्क डील म्हणजे एका गिऱ्हाइकाने एका दिवसात कंपनीच्या एकूण शेअरांच्या अर्धा टक्क्याहून जास्त उलाढाल केली की ती त्याच संध्याकाळी जाहीर होते. अर्धा टक्का ऐकायला मोठा वाटतो. पण ज्या छोट्या कंपनीचे एकूण एक कोटीच शेअर आहेत आणि भाव 40 रुपये आहे, तिथे अर्धा टक्का म्हणजे 50 हजार शेअर, रक्कम 20 लाख. भांडुपमध्ये वन रूम किचनही येणार नाही एवढ्यात. तरी बातमीत 'बल्क डील' असंच छापून येतं. दुसरं, त्या यादीत अशी कितीतरी नावं असतात जी त्याच दिवशी घेतात आणि त्याच दिवशी जवळपास तेवढेच विकतात. संगणकावर सेकंदाच्या अंशात सौदे करणाऱ्या पेढ्या त्या. त्यांचं फक्त खरेदीचं नाव उचलून कुणी बातमी केली तर ती फसवी आहे. म्हणून पूर्ण यादी बघायची, घेणारा आणि विकणारा दोन्ही.

ब्लॉक डील निराळी. तिच्यासाठी सकाळी पावणेनऊ ते नऊ आणि दुपारी 2:05 ते 2:20 अशा वेगळ्या वेळा आहेत. बाजाराची नियामक संस्था सेबीने 2025 मध्ये तिची किमान रक्कम 10 कोटींवरून 25 कोटी केली. इथे दोन बाजूंचं बोलणं आधीच झालेलं असतं, भावही ठरलेला असतो. त्यामुळे तो भाव बाजाराने ठरवला असं समजू नका. मोठ्या विकणाऱ्याला एकगठ्ठा माल काढायचा होता, घेणाऱ्याने त्याबदल्यात सवलत मागितली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

तिमाहीची भागधारणा यादी लोक सगळ्यात जास्त वाचतात आणि सगळ्यात जास्त चुकीची वाचतात. तिमाही संपल्यावर 21 दिवसांत कंपनी ती देते. म्हणजे 1 जुलैची खरेदी तुम्हाला ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिसू शकते, सव्वातीन महिन्यांहून शिळी. त्यात एक टक्का किंवा जास्त शेअर असलेल्यांचीच नावं येतात. एखाद्या बड्या गुंतवणूकदाराचे 1.02 टक्के होते, कंपनीने नवे शेअर काढले, त्याचा हिस्सा आपोआप 0.97 झाला आणि नाव गायब. त्याने एकही शेअर विकलेला नसतो, पण दुसऱ्या दिवशी "अमुक यांनी गाशा गुंडाळला" म्हणून बोंब. मी असे फोन घेतलेत.

म्युच्युअल फंडाची खरेदी महिन्याला कळते. पण इंडेक्स फंड असेल तर तिचा संकेत शून्य. शेअर निर्देशांकात आला म्हणून त्याला घ्यावाच लागतो. तसंच दर महिन्याला एसआयपीचे पैसे येतात, ते कुठेतरी लावावेच लागतात.

मला विचाराल तर मी सगळ्यात जास्त लक्ष प्रवर्तकांकडे देतो. कंपनीचा मालक स्वतःच्या खिशातून, खुल्या बाजारात, चालू भावाला शेअर घेतोय. तिमाहीत 10 लाखांच्या वर गेलं की ते जाहीर व्हावं लागतं आणि दोन दिवसांत ते बाजाराच्या संकेतस्थळावर येतं. कंपनीची खडान्‌खडा माहिती त्याला आहे आणि निकालाच्या आसपास त्याला व्यवहार करायची बंदी असते. मात्र तो 'वॉरंट', म्हणजे ठरलेल्या भावाला पुढे शेअर घ्यायचा हक्क, घेतोय का ते बघा. वॉरंटमध्ये आधी फक्त 25 टक्के रक्कम भरायची असते आणि उरलेली भरायला दीड वर्षाची मुदत. भाव पडला तर तो ते सोडूनही देऊ शकतो. बातमीत दोन्हींना 'प्रवर्तकांनी हिस्सा वाढवला' असंच म्हणतात.

आता तुमच्या "मोठ्यांच्या मागे जाणं चुकीचं आहे का" या प्रश्नाकडे येतो. मोठ्यांना कळत नाही का? कळतं, पण त्यांचं गणित तुमचं नसतं. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने 2018 मध्ये पेटीएमच्या मूळ कंपनीत 2,200 कोटींच्या आसपास गुंतवले. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये 2,150 रुपये भावाने आयपीओ (पहिली जाहीर शेअरविक्री) आला, तेव्हा "बफे आहेत ना त्यात" हे वाक्य मी लोकलच्या डब्यातही ऐकलं. 24 नोव्हेंबर 2023 ला बर्कशायरने उरलेले सगळे शेअर बल्क डीलमध्ये 877.29 ला विकले, साधारण 1,370 कोटींना, तोटा सोसून. जगातल्या इतक्या मोठ्या संपत्तीत हा तोटा म्हणजे खरचटणं. ज्याने भविष्यनिर्वाह निधीतून आयपीओला पैसे लावले त्याचं तसं नव्हतं. आणि विक्रीही संकेत म्हणून वाचता आली नसती. काही महिन्यांत शेअर 350 च्याही खाली गेला, तेव्हा वाटलं विकणारा द्रष्टा. 2024 च्या अखेरीस तोच पुन्हा 877 च्या वर गेला. त्यांनी घेतलं ते का आणि विकलं ते का, हे दोन्ही वेळा आपल्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या बाजूला नावाजलेले गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला यांचं टायटन सगळे सांगतात. शेअर दोन दशकं धरला म्हणून ती गोष्ट झाली. पण त्या काळात तो कितीदा आपटला आणि तेव्हा त्यांनी काय विचार करून तो धरून ठेवला, हे भागधारणेच्या यादीत येत नाही. नाव उसनं घेता येतं, धीर उसना मिळत नाही, कारण तो त्या माणसाच्या स्वतःच्या अभ्यासातून आलेला असतो. म्हणून मोठ्यांच्या मागे जाणं चुकीचं का, याचं माझं उत्तर असं. त्यांच्या खरेदीवरून कंपनीचं नाव जरूर टिपा. मग ताळेबंद वाचा, कर्ज बघा, आणि ते नाव पुसून टाकलं तरी शेअर घ्यावासा वाटतो का ते बघा. याला आठवडा लागला तरी लागू द्या. खऱ्या दीर्घ मुदतीच्या खरेदीत आठवड्याने काही बिघडत नाही.

शेवटी तुमचा शेअर. कंपनीचं नाव इथे देत नाही, पण तुम्ही कळवल्यावर मी त्या तारखेची बल्क डीलची यादी काढून बघितली. घेणाऱ्यांत तो परदेशी फंड आहे, बरोबर 409.50 ला. खालच्याच ओळीत विकणारा आहे आणि बातमीत त्याचा उल्लेख नव्हता. कंपनी बाजारात येण्याआधीपासून पैसे लावून बसलेला एक खासगी गुंतवणूक फंड आहे तो. अशा फंडांची मुदत ठरलेली असते, ती संपत आली की त्यांना आपल्या गुंतवणूकदारांचे पैसे परत करावे लागतात. कंपनी चांगली असो वा वाईट, विकावंच लागतं. मग मी मागच्या तिमाहीची भागधारणा उघडली. या विक्रीनंतरही त्याच्याकडे 6 टक्क्यांच्या आसपास शेअर उरतात. ते बाजारात येणार हे मोठ्या खरेदीदारांना माहीत आहे, म्हणून ते 431 ला धावत नाहीत, खाली थांबून राहतात. दहा दिवसांत भाव उतरला त्याचं हे एक मोठं कारण दिसतं.

तुम्ही ठेवावेत की काढावेत हे तुमचं घर, तुमची बचत आणि पैशांची गरज कधी आहे हे माहीत नसताना मी सांगणार नाही. 398 ला घाबरून मात्र मार्केट ऑर्डरने विकू नका. पुढच्या तिमाहीची यादी येईल तेव्हा त्या जुन्या फंडाच्या नावापुढचा आकडा बघा. 6 चे 4 झालेत का, 2 झालेत का, की नाव खाली घसरून दिसेनासं झालंय. दरम्यान बल्क आणि ब्लॉक डीलची यादी रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास उघडत जा आणि या खेपेला विकणाऱ्याचं नाव आधी वाचा. काही अडलं तर कॉन्ट्रॅक्ट नोटसकट पुन्हा लिहा, मी बघेन.